औंदाचं मागणं

त्या श्रावणात कानबाईचा चौरंग डोक्यावर घ्यायची पाळी कुंदाकडे आली, आणि त्यात तिचा तिन्ही बाजूंनी फायदाच होता. पहिला फायदा म्हणजे एरवी जी बाई मिरवणुकीच्या शेपटाला लोकांच्या चपला आणि पाण्याचे तांबे सांभाळत चालते, ती त्या सोमवारी विसर्जनाला मेहरूणच्या तळ्यापर्यंत सगळ्या आळीच्या पुढे चालणार होती. दुसरा, चौरंग उतरला की भाऊबंदांतल्या सगळ्या बाया, सासू केसरबाईसकट, चौरंगवालीच्या पाया पडतात. सासू वाकलेली वरून कशी दिसते हे एकदा बघावं अशी इच्छा कुंदाने लग्नानंतरच्या पहिल्याच अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, जपून ठेवलेली होती. तिसरा फायदा जरा नाजूक होता. कानबाई दरवर्षी घरातल्या एका बाईच्या अंगात येते आणि एक मागणं मागते. एकच. ती बाई त्या वेळेपुरती देवीचं झाड होते, आणि झाडाच्या तोंडून आलेलं मागणं घरातल्या पुरुषांना टाळता येत नाही. आजवर कानबाई यायची ती मोठ्या जावेच्या, मंजुळाच्या अंगात. मंजुळाचा गुडघा औंदा सुजला म्हणून चौरंग कुंदाकडे आला, आणि डोक्यावर बसलेली देवी दोन पावलं मागे लंगडत चालणाऱ्या जावेकडे जाण्यापेक्षा खाली उतरून थेट आपल्यातच येईल, हा हिशोब काही चुकीचा नव्हता. फक्त आली तर मागायचं काय, हे ठरत नव्हतं. कुंदाला मिक्सर हवा होता. पण देवीने मिक्सर मागितल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

मंजुळाच्या तोंडून देवी मागायची ते कसं देवीला शोभेल असं असायचं आणि तरी घरात उपयोगी पडायचं. एका वर्षी देवी म्हणाली होती, माझ्या अंगणात पाणी नाही. त्या वर्षी नळ आला. एका वर्षी म्हणाली, माझ्या घरात आकड्याचा वास येतो. मंजुळाच्या नवऱ्याने, नथ्थूभाऊने, सट्टा सोडला. निदान घरात त्याबद्दल बोलणं तरी सोडलं. आणखी एका वर्षी देवी घुमत घुमत थांबली ती मंजुळाच्या ज्योत्स्नासमोर, आणि म्हणाली की या पोरीला सातवीवरून घरी बसवली तर मी पुढच्या वर्षी दार चढणार नाही. ज्योत्स्ना त्यामुळे बारावीपर्यंत पोचली. कुंदा हे सगळं पाहत आली होती आणि कानबाईला मंजुळाच्या संसाराची किती बारीक माहिती असते याचं तिला मनातल्या मनात कौतुक वाटायचं. बोलली मात्र कधी नाही. देवाधर्माच्या गोष्टीत शंका काढणारीच्या अंगात देवी येत नाही, एवढा व्यवहार तिला कळत होता.

तर सोमवारी सकाळी आंघोळ करून, नवी साडी नेसून, डोक्यावर चुंबळ ठेवून ती अंगणात बसली. चौरंगावर नारळाची कानबाई, तिला नथ, तिला पोत, भोवती केळीचे खांब. तिच्या नवऱ्याने, भाईदासने, एका बाजूने, नथ्थूभाऊने दुसऱ्या बाजूने चौरंग उचलला आणि चुंबळीवर टेकवला. डफ सुरू झाला. कुंदाने दोन्ही हातांनी कडा धरल्या, गुडघ्यांवर भार घेतला, श्वास रोखला आणि उठली. पुरती ताठ व्हायच्या आत तिच्या डोक्यात कोणीतरी दार आपटलं.

दुखू लागलं असं तिला पुढेही कधी म्हणता आलं नाही. दुखू लागायला सुरुवात लागते आणि याला सुरुवातच नव्हती. डफावर टिपरू पडून वर उचललं जातं तेवढ्या अवधीत, मानेच्या खाचेपासून कपाळापर्यंत, मधलं काही न वगळता, सगळं एकदम भरलं. अंगणातलं ऊन पांढरं झालं. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, तो तिचा वाटला नाही. लहानपणी धुळ्याला पांझरेच्या काठी पूर पाहायला गेली असताना कोणाची तरी म्हैस वाहून गेली होती, तिने असाच आवाज केला होता. चौरंग कलला तो भाईदासने वरच्यावर धरला. कुंदा खाली बसली, दोन्ही हातांनी मान धरून पुढेमागे हलली, आणि ओकली. आणि तिच्याभोवती चाळीसएक माणसांचा श्वास एकदम आत गेला, आणि मग एकदम बाहेर आला. बाया म्हणाल्या, उनी, कानबाई उनी.

वेदनेच्या आत एक लहानशी जागा असते जिथे माणूस बसून सगळं पाहत असतो, हे कुंदाला आधीपासून माहीत होतं. अर्धशिशीने शिकवलं होतं. मुलगा झाला त्या वर्षापासून तिला अर्धशिशी होती, आणि ती पाहुण्यासारखी होती: आधी निरोप पाठवायची. निरोप म्हणजे डोळ्यांपुढे उन्हातल्या डांबरासारखी थरथर, नाकात फिनेलचा वास, मग डाव्या कानशिलावर एक बोट, मग दोन, मग तासाभरात सगळा पंजा. ओकलं की पंजा सैल व्हायचा. तोवर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, डोक्याला ओढणी घट्ट बांधून. आणि उतारा म्हणून सूर्य उगवायच्या आत गरम जिलेबी दुधात बुडवून खायची, ती आणायला भाईदासला डाळ मिलची पाळी चुकवून हलवायाच्या भट्टीपाशी उभं राहावं लागायचं. वाईटात चांगलं असायचं ते असं. आणि कुंदा काही वेडी नव्हती. ज्या दुखण्यात अंधार, शांतता आणि जिलेबी मिळते ते दुखणं बाई गरज पडेल तेव्हा थोडं आधी बोलावून घेते आणि थोडं उशिरा सोडते. पापडांच्या दिवशी ते यायचं. नणंदा माहेरी यायच्या त्याच्या आदल्या दिवशी यायचं. दहांतल्या सहा वेळा खरं असायचं, पण उरलेल्या चारांनी त्या सहांचीही पत घालवली होती. केसरबाई आल्यागेल्याला हसून सांगायची, "कुंदानं डोकं पंचांग दखीसन दुखस." आणि कुंदाही हसायची, कारण पंचांग पाहून दुखायचं हे खरंच होतं.

म्हणून आता त्या लहानशा जागेत बसून तिने पाहिलं तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं ते हे, की हे आपलं नाही. निरोप आला नव्हता. वास नव्हता, थरथर नव्हती, डावंउजवं नव्हतं. ओकून झालं तरी सैल पडलं नव्हतं. मान पुढे वाकत नव्हती, जणू मानेत लाकडी दांडा घातला होता. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या दुखण्याची चाल तिला पाठ होती, आणि दारात उभं असलेलं हे माणूस निराळं होतं. आणि दुसरं कळलं ते याहून वाईट होतं: हे सांगितलं तर कोणी ऐकणार नाही. माझं डोकं दुखतंय, असं कुंदा म्हणाली की घराने काय करायचं हे ठरलेलं होतं. चौरंग दुसरीकडे जाईल, तिला अंधाऱ्या खोलीत टाकतील, दार लोटून घेतील आणि मिरवणूक पुढे जाईल, कारण निघालेली कानबाई मागे फिरत नाही. उद्या पहाटे भाईदास जिलेबी आणेल. आणि उद्याची पहाट आपल्या वाट्याला नाही, असं तिला अगदी सरळ, भाजीचा भाव कळावा तसं कळलं. त्यात भीती फारशी नव्हती. उलट एक चमत्कारिक स्वस्थपणा होता, आणि त्याचीच तिला किळस आली. अंधाऱ्या खोलीची तिला इतकी सवय होती, की तिथे जाऊन पडावं असं तिलाही वाटत होतं.

तिच्या पायांवर काहीतरी गार लागलं. केसरबाई वाकली होती. पांढरे केस, मधला विरळ भांग, त्यात कालच्या पुरणाचा पिवळा ठिपका. इतकी वर्षं राखून ठेवलेला क्षण आला तो असा, ओल्या साडीत आणि ओकारीच्या वासात, आणि कुंदाला सासूची टाळू पाहून एवढंच वाटलं की ही किती म्हातारी झाली. मग बाया एकेक वाकत गेल्या. हळद पडली, कुंकू पडलं. लिंबू कोणीतरी नाकाशी धरलं. डफवाल्याने ठेका बदलला, देवीचा धरला, आणि प्रत्येक टिपरू तिच्या डोळ्यांमागे पडू लागलं. थांबव रे, एवढं म्हणायला तिने तोंड उघडलं, तर माणसं आणखीच पुढे सरकली, देवी बोलणार म्हणून.

मंजुळा शेवटी आली. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाया पडायला तिला अख्खं खाली बसावं लागलं, आणि बसल्यामुळे तिचं तोंड कुंदाच्या तोंडासमोर आलं. तिने कुंकू लावायला हात पुढे केला आणि तो अर्ध्यावर थांबला. ती कुंदाच्या डोळ्यांत पाहत राहिली, आधी एका, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. कुंदाला वाटलं, आता ही उठून सांगेल, ही देवी नाही, हिचं डोकं दुखतंय. सांगितलं तर ते खरंही होतं, आणि मंजुळाचा त्यात फायदाही होता. देवी तिची तिला परत मिळाली असती. मंजुळाने दोन्ही हात जोडले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, तुले काय जोयजे? मांग."

इतक्या वर्षांच्या कानबाईंत हे कोणी विचारलेलं कुंदाने पाहिलं नव्हतं. देवी आपण होऊन मागायची. पण प्रश्न आला आणि त्याबरोबर एक जागा मोकळी झाली, जशी गर्दीच्या एसटीत कोणीतरी सरकून घेतं. तिथे बसायचं की नाही एवढाच प्रश्न होता. ती बसली की कोणी तिला बसवलं, हे तिला आजतागायत सांगता येत नाही. जीभ जड झाली होती. आवाज मात्र आला तो पोटातून, संथ, आणि तिचा नव्हताच.

"मना झाडनं डोकं फुटी ऱ्हायनं. मना झाडले दवाखानामा लई चला. आते. बठ्ठा जन चला."

केसरबाई काहीतरी म्हणू पाहत होती, बहुतेक हेच की आधी तळं आणि मग काय ते. पण मंजुळा तोवर उठली होती. तिने भाईदासच्या हातातला चौरंग सुजल्या गुडघ्यानिशी आपल्या डोक्यावर घेतला आणि फाटकाकडे वळली, तळ्याच्या उलट्या दिशेला. देवी निघाली म्हटल्यावर मागे राहायचं कोणी. नथ्थूभाऊने रिक्षा थांबवली, भाईदासने कुंदाला उचलून आत घेतलं, आणि जळगावात त्या सोमवारी कानबाईची एक मिरवणूक डफासकट, केळीच्या खांबांसकट, रिक्षाच्या मागे पळत डॉक्टर लता इंगळ्यांच्या दवाखान्यावर येऊन थडकली. इंगळेबाई नंतर म्हणायच्या, की माझ्या दवाखान्यात पेशंट बरे होऊन देवाला गेलेले पाहिलेत, देव पेशंटला घेऊन आलेला पहिल्यांदा पाहिला.

त्यांनी डफ आधी बंद करवला. मग कुंदाला टेबलावर घेतलं, मानेखाली हात घालून हनुवटी छातीकडे न्यायला पाहिली, ती जात नव्हती. डोळ्यांत बॅटरी मारली. एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती आणि ती मोठी बाहुली उजेडाने आकसत नव्हती. या इंगळेबाईच कुंदाला अर्धशिशीच्या गोळ्या द्यायच्या. त्यांनाही पंचांगाचा विनोद माहीत होता. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. दुखतं किती, असंही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "दुखणं टोकाला जायला वेळ किती लागला?"

वेळ लागलाच नाही, कुंदाने सांगितलं. दार आपटल्यासारखं. आणि आयुष्यात असं कधी नाही.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो कुंदाला पहिल्यापेक्षा जड गेला. गेल्या पंधरवड्यात असं काही, लहानसं का होईना, झालं होतं का. झालं होतं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू दळायला जात्यावर बसली असताना डोक्यात मागच्या बाजूला वीज चमकली होती, पटकन आली आणि संध्याकाळपर्यंत ठणकत राहिली. मान दोन दिवस अवघडली होती. सांगितलं कोणाला? कोणालाच नाही. एरवी नसलेलं दुखणं सांगणारी कुंदा असलेलं दुखणं गिळून बसली होती, कारण सांगितलं असतं तर केसरबाईने चौरंग तिला दिला नसता. टेबलावर पडल्या पडल्या हे बोलताना तिला हसू आलं आणि हसण्याने डोकं आणखी फुटलं.

इंगळेबाईंनी भाईदासला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच सांगितलं. अर्धशिशी चढत जाते. हे एका क्षणात टोकाला गेलंय, मान ताठ आहे, एक डोळा बिघडलाय. मेंदूच्या तळाशी रक्ताच्या नळीला फुगा आला असावा, तो जात्यावर बसली तेव्हा पाझरला आणि आज फुटला. पुन्हा फुटला तर मग देवीलाही झाड राहणार नाही. गावात नवीन मशीन आलंय त्यावर फोटो काढा आणि तसंच पुढे औरंगाबादला न्या, घरी कपडे घ्यायला जाऊ नका. केसरबाईने दबक्या आवाजात विचारलं की विसर्जन करून मग निघालं तर. त्यावर बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या देवीला माझ्यापेक्षा जास्त घाई होती. तिचं ऐका."

फोटोत मेंदूभोवती पांढरं दिसलं. ते रक्त, असं भाईदासला कोणीतरी सांगितलं आणि त्याला ते तांदळाच्या पेजेसारखं वाटलं. अजिंठ्याचा घाट कुंदाने डोळ्यांवर ओला नॅपकिन ठेवून पार केला. घाटात तिला सारखं वाटत होतं, की आपल्या आत अजून कोणीतरी बसलंय आणि आपण हललो तर ते उतरून जाईल. म्हणून ती हलली नाही, आणि सोबतची नर्स म्हणाली, शहाणी बाई, अशीच पडून राहा. औरंगाबादला डोकं उघडून नळीला चिमटा लावला. शुद्धीवर आली तेव्हा भाईदास उशाशी होता आणि त्याच्या हातात द्रोण होता, द्रोणात जिलेबी. कोणत्या डोक्याला काय लागतं हा फरक त्या माणसाला शेवटपर्यंत कळला नाही, आणि कुंदाने तेवढ्यासाठी त्याला माफ केलं.

नंतरचे दिवस, खरं सांगायचं तर, सुखाचे होते. केस कापले होते ते बाळासारखे मऊ आले. पडलेली पापणी महिन्या-दोन महिन्यांनी वर चढली. जड उचलायचं नाही असं सक्त सांगितलं होतं आणि घराने ते इतकं मनावर घेतलं की पाण्याची कळशीसुद्धा तिच्या हातून काढून घ्यायचे. ज्या आरामासाठी तिने इतकी वर्षं दुखणी उधार आणली तो आता कोणी न मागता देत होतं. तोटा म्हणावा तर एवढाच, की अर्धशिशीची मजा गेली. एकदा पापडांच्या दिवशी तिने सवयीने कानशिलाला हात लावला मात्र, नथ्थूभाऊ रिक्षा आणायला धावले. केसरबाई आता पंचांगाचा विनोद सांगत नसे. सुनेच्या डोक्याला हात लावायची, देवीचं ठाणं म्हणून, आणि आळीतल्या बायांना आणून दाखवायची. कुणाचं डोकं अचानक दुखलं तर विचारायची, चढत गेलं का आपटलं? शेजारच्या एका सुनेला याच प्रश्नावर तिने वेळेत दवाखान्यात धाडलं, आणि त्याचं श्रेय अर्थातच कानबाईला दिलं.

ऊन उतरायच्या वेळी दोघी जावा ओट्यावर डाळ निवडत बसायच्या, आणि कुंदाला तेव्हा फार बरं वाटायचं. खडे वाजत ताटात पडायचे, समोरून सायकलीवर कुल्फीवाला जायचा, आणि आपण हे पाहतोय याचीच तिला गंमत वाटायची. कधी कधी मात्र मधेच तो आवाज आठवायचा. कोण बोललं ते? आपण बोललो म्हणावं तर एवढी हिंमत आपल्यात कधी नव्हती. देवी बोलली म्हणावं तर देवीला दवाखाना कसा सुचला. हा प्रश्न खड्यासारखा दाताखाली यायचा आणि ती तो बाजूला काढून ठेवायची. पुढच्या वर्षीची कानबाई झाल्यावर एका दुपारी तिने तो मंजुळाला विचारलाच. त्या वर्षी चौरंग मंजुळाच्या डोक्यावर होता, पण सगळी माणसं वाट पाहत होती ती कुंदाकडे बघून. मंजुळाच्या अंगात देवी आली नाही, कुंदाच्याही नाही.

मंजुळा ताट हलवत राहिली. मग म्हणाली, "देवी उनी तं दोन्ही डोया फिरतस. तुनी एक पापनी पडेल व्हती."

म्हणजे तिला कळलं होतं. कुंदाने विचारलं, मग अक्का, माग असं का म्हणालीस? साधं म्हणायचं, हिला डॉक्टरकडे न्या. मंजुळाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की इतकी हुशार बाई आणि एवढं कळू नये. घरात जावेच्या शब्दावर रिक्षा येते का. आपल्या तोंडून मागितलेलं या घरात कधी कोणाला मिळालंय. कुंदाला नळ आठवला, सट्टा आठवला. मंजुळा डाळीत बोटं फिरवत, कोणाला सांगितल्यासारखं नाही अशा आवाजात म्हणाली, "त्या साले मी एक मांगनं ठेयेल व्हतं. ते तुले दी टाकं."

काय ठेवलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. वर्षाला एक मागणं. ते त्या सोमवारी अंगणात संपलं. ज्योत्स्ना तेव्हा नुकतीच बारावी झाली होती आणि नर्सिंगच्या कोर्साला धुळ्याला जायचं म्हणत होती; नथ्थूभाऊ नको म्हणत होते, आणि माघात स्थळ आलं. धुळ्याला ती गेली, पण लग्न होऊन. नवरा एसटीत कंडक्टर, माणूस चांगला. ती अखाजीला येते, अंगाने भरलीय, हसते खूप, आणि आल्याबरोबर काकूच्या केसांत बोटं घालून टाक्यांची खूण शोधते आणि विचारते, आता दुखतं का गं?

तर हिशोब असा लागतो: जीव कुंदाचा वाचला, नाव कानबाईचं झालं, डोळे इंगळेबाईंचे कामी आले, शब्द मंजुळाने दिला. भरलं ज्योत्स्नाने, आणि भरल्याचं तिला कोणी सांगितलेलं नाही.